विश्लेषण : वजन प्रमाणात, तरीही मधुमेहाचा धोका कसा?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची एक तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. अनेक भारतीयांची हीच स्थिती आहे.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे काय?

पोटाचा वाढलेला घेर, चढा रक्तदाब, उपाशीपोटी जास्त साखर, जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल. यांपैकी किमान तीन लक्षणे एकत्र आली, की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

आहाराचा संबंध काय?

‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२५ मधील अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा पोटात, यकृतात चरबी म्हणून साठते आणि इन्शुलिनचा प्रभाव घटतो.

भाकरी खाल्ली की झाले?

नाही. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून फक्त धान्य बदलल्याने धोका कमी झालेला या अभ्यासात दिसला नाही. भात-पोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, दही वाढवणे अधिक उपयोगी.

मोजायचे काय?

वजनासोबत कंबरही. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा.