काम शोधल्याचा पुरावा

गेल्या रविवारी वाचनालयात वर्तमानपत्रे चाळून झाल्यावर नेहमीप्रमाणे जी चर्चा रंगली, तीत एका सुविद्य आणि सुस्थित गृहस्थांनी असा विचार मांडला, की बेकारीच्या काळात ज्याला सरकारकडून अर्थसाहाय्य हवे असेल त्याने दर आठवड्यास किमान दहा ठिकाणी नोकरीसाठी प्रयत्न केल्याचा लेखी पुरावा सादर करावा आणि तो न दिल्यास त्याचे पैसे तत्काळ थांबवावेत. उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. मला मात्र त्या विचाराचा मनस्वी संताप आला, आणि तेथे वेळ थोडा व विषय मोठा असल्यामुळे माझे म्हणणे या आठवड्यात येथेच मांडतो.

ही कल्पना त्या गृहस्थांनी विलायतेहून घेतली होती, आणि तिकडचा नियम मला घरच्याच माणसाकडून ठाऊक आहे. माझी भाची तेथे कायमची स्थायिक आहे. तिच्या कंपनीने माणसे कमी केली त्यांत तिचीही नोकरी गेली, आणि शासकीय साहाय्यासाठी अर्ज करताच, आठवड्यातील 35 तास आपण काम शोधण्यात घालवू असे तिला लिहून द्यावे लागले. त्या तासांची नोंद ठेवायची, ती अधिकाऱ्यापुढे मांडायची, आणि भेट चुकली किंवा नोंद अपुरी वाटली तर पैशांत कपात सोसायची. "मामा, काम शोधण्यापेक्षा शोधल्याचं लिहिण्यातच दिवस सरतो," असे ती फोनवर म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात आळस नव्हता, अपमान होता. ज्या जागेवर आपली निवड होणे नाही हे पाहताक्षणी कळत होते, तिच्यासाठीही केवळ संख्या भरावी म्हणून तिने अर्ज केले. याच देशाने 1921 साली, भत्ता मागणाऱ्याने आपण मनापासून काम शोधत आहोत हे सिद्ध केले पाहिजे, अशी अट घातली होती; तेव्हा खाणी आणि गिरण्या बंद पडलेल्या गावांतील माणसे, आत काम नाही हे पुरते ठाऊक असलेल्या कारखान्यांची दारे केवळ ठोठावल्याचे सांगता यावे म्हणून मैलोन्‌मैल पायपीट करीत राहिली, आणि तरीही लक्षावधी अर्ज फेटाळले गेले. अखेर 1930 मध्ये ती अट काढून टाकावी लागली.

आपल्याकडची स्थिती थोडक्यात सांगतो. 1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगारांसाठी, 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. नोकरी गेल्यास सरासरी कमाईच्या 25 टक्के रक्कम, उभ्या आयुष्यात मिळून जास्तीत जास्त 90 दिवस, असे तिचे मूळ स्वरूप होते. साथीच्या काळात ते प्रमाण 50 टक्के झाले, आणि मालकाच्या हातून अर्ज पुढे पाठवण्याची अट जाऊन तो थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली. काम शोधल्याची रोजनिशी या योजनेत कोणी मागत नाही. परंतु आमच्या वसईतील वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील गाळ्यांत वर्षानुवर्षे राबूनही ज्यांचे नाव कोणत्याच पटावर चढलेले नाही, त्यांना या योजनेचा लाभ तर नाहीच, तिची वार्ताही नाही.

माझा पहाटेचा फेरफटका या सदराच्या वाचकांना परिचित आहे. त्या वेळी नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेकडील नाक्यावर ज्यांनी पाच मिनिटे उभे राहून पाहिले असेल, त्यांना काम शोधणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. थापी आणि ओळंबा पिशवीत घातलेले गवंडी, ब्रश घेऊन आलेले रंगारी, छिन्नी-हातोडा घेतलेले फरशीवाले, आणि ज्यांच्याजवळ केवळ दोन हात आहेत असे बिगारी तेथे रस्त्याच्या कडेने उभे असतात. त्यांत मराठवाड्यातून आलेली कुटुंबे असतात, उत्तरेकडचे तरुण असतात, आणि भाताची झोडणी संपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून खाली उतरलेली वारली व कातकरी जोडपीही असतात, ज्यांच्यापैकी कित्येकांनी वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली नसल्यामुळे त्यांना निदान येथे उभे राहण्याचे स्वातंत्र्य उरलेले असते. टेम्पो थांबला की सारे त्याच्याभोवती धावतात, मुकादम चार माणसे निवडतो, बाकीचे पुन्हा कडेला येतात. आणि साडेनऊच्या सुमारास आता कोणी येणार नाही हे निश्चित झाले की उरलेली माणसे डबा तसाच घेऊन परततात. आपण काम शोधतो याचा पुरावा ही माणसे रोज शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत देत असतात, फक्त तो कोणी लिहून घेत नाही.

लिहून घेण्याचा विषय निघाला म्हणून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये निर्माण झालेली ही यंत्रणा पुढे सर्वांसाठी खुली झाली, आणि 1959 च्या कायद्याने कार्यालयांनी व मोठ्या कारखान्यांनी आपल्या रिकाम्या जागा तेथे कळवाव्यात असे बंधन आले. मात्र तेथून आलेला उमेदवार घेतलाच पाहिजे असे बंधन त्या कायद्याने घातले नाही. आमच्या शेजारी एक गिरणी कामगार राहत. 18 जानेवारी 1982 रोजी जो संप सुरू झाला आणि ज्यात अडीच लाख कामगारांची आयुष्ये उलटीपालटी झाली, त्यानंतर परळची खोली विकून ते नालासोपाऱ्याला आले. थोरल्या मुलाचे कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवले होते. त्या काळी आपण ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे नूतनीकरणासाठी ठाण्यास जावे लागे. मुदत चुकली तर रांगेतील ज्येष्ठता जाई, म्हणून एका पावसाळ्यात रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या असताना हे गृहस्थ एस. टी. मिळेल तेथून, नाही तेथे पायी, असे मजल दरमजल करीत ठाण्यास पोहोचले आणि शिक्का मारून आणला. कॉल कधी आला नाही. मुलगा पुढे रिक्षा चालवू लागला, त्याच्या वयाची मर्यादाही उलटून गेली, तरी त्या कार्डाची घडी मोडू नये याची काळजी ते घेत राहिले. ज्या राज्याने इतक्या निष्ठेने नोंद ठेवणाऱ्या माणसाला एकदाही बोलावले नाही, त्या राज्यात त्याच्याकडेच अधिक पुरावा मागावा असे सुचवणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

आणि याच राज्याने एकदा हा प्रश्न सर्वस्वी उलट बाजूने सोडवून दाखवला होता, याचे विस्मरण मला अधिक दुःखद वाटते. विठ्ठल सखाराम पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात जो प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ज्याची व्याप्ती वाढली आणि ज्याच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांनी 1975 पासून व्यवसाय कर भरला, त्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. त्याचे मर्म एवढेच होते, की ग्रामीण भागातील अंगमेहनतीचे काम करू इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाने दरखास्त द्यावी, आणि 15 दिवसांत काम दाखवणे हे सरकारचे कर्तव्य व्हावे. ते न जमल्यास रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता सरकारने द्यावा. रक्कम क्षुल्लक होती, परंतु काम शोधण्याची जबाबदारी अर्जदाराच्या खांद्यावरून उचलून तहसीलदाराच्या दप्तरात ठेवली गेली होती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले, भत्ता पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा व पुढे निदान निम्मा ठरवला, आणि अर्जदारावर जी अट घातली ती न्याय्य होती: काम दिल्याचे कळवल्यावर 15 दिवसांत जो रुजू होणार नाही, त्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने स्थगित राहील. आधी काम दाखवा आणि मगच हजेरी मागा, हा क्रम मला पटतो. व्यवहारात मात्र अर्जाची दिनांकित पोच देण्यासच टाळाटाळ होत आली. पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, आणि मुदत सुरू नाही म्हणून भत्ता देय होत नाही. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवरची माणसे कामाच्या मागणीसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेली, त्यामागे बहुधा हा एक कागदच असे.

शहरातल्या नाक्याला तर तेवढेही कायद्याचे छत्र नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचे तर मागील वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि जो माणूस सोमवारी एकाकडे, बुधवारी दुसऱ्याकडे आणि शनिवारी कोणाकडेच नसतो, त्याला तो दाखला कोणता ठेकेदार लिहून देणार? ज्या बिगाऱ्याने याच वसई-विरारच्या इमारतींचे मजले डोक्यावरच्या घमेल्यातून वर चढवले, तो आपण बांधकाम कामगार आहोत हे सिद्ध करू शकत नाही म्हणून मुलांच्या शिष्यवृत्तीला मुकतो.

म्हणून वाचनालयातील त्या गृहस्थांना आणि आपल्या महापालिकेला माझी एक सूचना आहे. प्रत्येक मजूर नाक्यावर पहाटे सहा ते दहा या वेळात एक मेज, एक कारकून आणि एक हजेरीची वही असावी. जो येईल त्याचे नाव व येण्याची वेळ लिहावी, ज्याला काम मिळेल त्याच्यापुढे नेणाऱ्याचे नाव आणि ठरलेली मजुरी लिहून त्याची सही घ्यावी, आणि दहा वाजता जे उरतील त्यांच्या हाती शिक्का मारलेली दिनांकित चिठ्ठी द्यावी. नेणाऱ्याच्या सहीने मंडळाच्या दाखल्याचे दिवस भरतील, मजुरी बुडवणारा मुकादम सापडेल, आणि त्या चिठ्ठ्यांच्या आधारे, किती माणसे किती दिवस काम मागत असताना आपण त्यांना ते देऊ शकलो नाही, याचा हिशेब या शहराला प्रथमच मिळेल. मेज आणि वही वाचनालय देईल, तशी विनंती मी येत्या सभेत लेखी मांडणार आहे. कारकून महापालिकेने द्यावा.