मावशीचा नंबर, ग्राहकाचा नंबर

टॅली दुकानाच्या संगणकावर आणि गप्पा मोबाइलवर, अशी वाटणी एकेकाळी सरळ होती. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आले ते आप्तमित्रांशी बोलण्यासाठी. दुकानदारांनी त्यावर किराण्याच्या याद्या घ्यायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये कंपनीने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे मोफत ॲप आणले. तरीही अनेक वितरकांचे विक्री प्रतिनिधी स्वतःच्याच नंबरवर ऑर्डर घेतात. अशा माणसाने नोकरी सोडली की ग्राहकांचे नंबर, पत्ते, उधारीचे मेसेज त्याच्या खिशातून बाहेर जातात. यात त्याचा दोष काय? फोन त्याचा, रिचार्जही बहुधा त्याचाच.

कायद्याने मात्र रेघ पुसलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधून व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळली आहे. धंद्यासाठी ठेवलेल्या ग्राहकांच्या यादीला ही सूट नाही, मग ॲप कोणतेही असो. एकाच फोनमधला मावशीचा नंबर सुटतो, ग्राहकाचा नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर मालकाने दुकानाच्या नावावर वेगळे सिम घेऊन द्यावे. माणूस गेला तरी तो नंबर दुकानातच राहतो.