रुग्णवाहिका डोकी मोजून नको, अंतर मोजून द्या

लांजा मुंबई-गोवा महामार्गावर आहे. महामार्गावर अपघात झाला की १०८ ला फोन जातो आणि गाडी थेट जागेवर येते. त्याच तालुक्यात डोंगरउतारावरच्या बौद्धवाडीत किंवा धनगरवाड्यात रात्री कुणाला साप चावला, तर आधी पाखाडीवरून डोली, मग रस्ता, मग गाडी. फोन सगळ्यांचा एकाच नंबरवर लागतो. गाडी मात्र डांबर संपते तिथे थांबते. आणि गावाच्या टोकाला कुणाला बसवले गेले, हे वेगळे सांगायला नको.

हा नशिबाचा भाग नाही, सरकारी हिशोबाचा आहे. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर: २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक. निकष लोकसंख्येचा: एक लाखामागे एक साधी, पाच लाखांमागे एक प्रगत गाडी. लांजा तालुका लाखभर लोकसंख्येचा. म्हणजे एक गाडी दिली की कागद पूर्ण! मुंबईत लाखामागे एक गाडी आणि लांज्यात लाखामागे एक गाडी, ही समानता आहे का? इथून रत्नागिरीचे सिव्हिल चाळीसेक किलोमीटर. तिथून कोल्हापूरला पाठवले तर पुढे आंबा घाट. एक रुग्ण घेऊन गाडी गेली की ती परत येईपर्यंत उरलेल्या लाखाने काय करायचे? विषमांना समान मापाने मोजणे हीसुद्धा विषमताच आहे.

‘पैसा कुठून आणायचा?’ असे विचारले जाते. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच देऊन ठेवले आहे. बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या त्या खटल्यात न्यायालय म्हणाले की, वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिकेची सोय हवी, हेही त्याच निकालात आहे.

दुसरा प्रश्न माणसांचा. नंबर सरकारचा, पैसा जनतेचा, पण गाडीवरचा चालक आणि डॉक्टर ठेकेदाराचे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीत १९६७ साली ‘फ्रीडम हाऊस’ने बेरोजगार काळ्या तरुणांना शिकवून रुग्णवाहिका चालवली. तोवर तिथे रुग्णाला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत असत. या तरुणांनी देशाला आधुनिक रुग्णसेवेचा धडा दिला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि कंत्राटावर असलेली हीच माणसे हळूहळू बाहेर फेकली गेली. काम आमचे आणि कायम नोकरी दुसऱ्याची, हा खेळ आपल्याला नवा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शेवटच्या वाडीपासून रुग्णालयापर्यंत किती मिनिटे लागतात, यावर गाड्यांची संख्या ठरवा. वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ता हा आरोग्याचाच खर्च माना. चालक-डॉक्टर कायम करा आणि त्यात स्थानिक मुलामुलींना आरक्षणासह घ्या.

कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात मागता येत नाही, असे सांगून आपल्याला गप्प केले जाते. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते की, सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांचा जाब मतदारांपुढे द्यावाच लागेल.

तो जाब आपण विचारतो का? पुढच्या वेळी उमेदवार वाडीत आला की समाजमंदिराच्या निळीची गोष्ट नंतर काढा. आधी विचारा, रात्री दोन वाजता इथे गाडी किती मिनिटांत येईल?

जय भीम! जय संविधान!