न विचारता घेतलेले विश्वरूप

राणीसावरगाव असो की परभणी जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव, देवघराच्या भिंतीवर विश्वरूपदर्शनाचे किंवा कालियामर्दनाचे छापील चित्र हमखास दिसते. ही दोन्ही रूपे परदेशी रॉक अल्बमांच्या वेष्टनांवर गेली आणि दोन्ही वेळा वाद झाला.

अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ डिसेंबर १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये निघाला. आवाजाच्या बाबतीत हा माणूस कमालीचा काटेकोर. एका बाजूची अंतिम टेप टॅक्सीत हरवली, तेव्हा निर्माता चॅस चँडलर आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांच्यासह बसून त्याने त्या बाजूचा बहुतेक भाग एका रात्रीत पुन्हा मिक्स केला. वेष्टन ठरवताना मात्र त्याला कुणी विचारले नाही. विष्णूच्या विश्वरूपाचे बाजारात मिळणारे पोस्टर घेऊन त्यावर हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवले गेले. त्याला ते रुचले नाही. आपल्या अमेरिकी आदिवासी वारशाचे काही असते तर ते शोभले असते, असे त्याचे म्हणणे होते. २०१४ साली मलेशियाने या चित्रावर बंदी घातली तेव्हा तो जाऊन चार दशके उलटली होती. तरी बोल लागला त्यालाच.

अमेरिकी रॉक बँड एरोस्मिथच्या ‘नाइन लाइव्हज’ या अल्बमवर १९९७ साली कालियावर नाचणाऱ्या कृष्णाला मांजराचे तोंड लावले होते. हिंदूंनी निषेध केला, सोनी कंपनीने माफी मागितली, वेष्टन बदलले. हे योग्यच झाले. ते चित्र आम्हालाही खुपते.

पण या दोन्ही प्रकरणांत मूळ चित्र कुणाच्या हातचे, हे कुणी विचारले? राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी पोचले. पुढे रघुवीर मुळगावकरांसारख्यांनी त्या चित्रांत जीव ओतला. मुळगावकरांची सही लोक ओळखत. पण असंख्य कॅलेंडर-चित्रकारांची नावे कागदावर उमटलीच नाहीत. नाव नसलेले चित्र उचलायला फार सोपे असते, लंडनमध्येही आणि इथेही. देवाच्या विटंबनेवर मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी आपल्याकडच्या कॅलेंडर छापणाऱ्यांना एकदा तरी सांगावे, की चित्राखाली चित्रकाराचे नाव घाला आणि दर आवृत्तीला त्याचा मोबदला द्या.