कागदालाही सावली हवी



ऊन फार उपयोगी. उन्हाने पिके वाढतात, पापड-कुरडया वाळतात. पण कागदाला ऊन सोसत नाही. वर्तमानपत्र उन्हात ठेवून बघा, थोड्याच दिवसांत पिवळे पडते. असे का होते?

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. हळूहळू कागद ठिसूळ होतो अन् घडीवर तुटतो. जुना हातकागद चिंध्यांचा असे, त्यात लिग्निन अगदी थोडे. पेशवाईतली मोडी कागदपत्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आजही आहेत, त्याचे हे एक कारण.

शास्त्रज्ञांनी आता एक युक्ती काढली आहे. झिंक ऑक्साइड या पांढऱ्या पुडीचे नॅनो कण करून त्यांचा पातळ लेप कागदावर देतात. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर! हे कण अतिनील किरण शोषून घेतात. ते इतके बारीक असतात की खालची अक्षरे वाचता येतात. जणू कागदाची छत्रीच!

मग सगळ्या कागदांना लेप द्यावा का? मला वाटते, घाई करू नये. कारण असे कण उजेडात कागदाच्या धाग्यांनाही इजा करू शकतात. शिवाय डोळ्यांना दिसणारा उजेड लेपातून आत जातोच, त्यानेही शाई उडते. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून लेपाचे काम जाणकारांनी करावे. आपण आधी सावली द्यावी. तिला पैसे पडत नाहीत.

शाळेच्या जनरल रजिस्टरात आपल्या आजोबांची नावे व जन्मतारखा आहेत. दाखला त्यावरूनच मिळतो. अक्षर पुसट झाले तर पुरावा गेला! म्हणून रजिस्टर खिडकीपाशी नको, बंद कपाटात हवे. पालकांनो, घरी गुणपत्रक भिंतीवर लावायचे तर झेरॉक्स लावा, मूळ प्रत पेटीत ठेवा.

आणि आपल्या या भित्तिपत्रकावर दुपारचे ऊन थेट येते. शनिवारी लिहिलेले पुढच्या महिन्यात फिके दिसते. ते व्हरांड्यात आतल्या भिंतीवर लावावे, अशी गुरुजींना व बाईंना नम्र विनंती. खिळे ठोकायला आम्ही येऊ.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी