विश्लेषण : ‘ईसॉप’ हाही पगारच, मग नफा सांगताना तो वगळायचा कशाला?

नांदेडमधील विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले पुणे-बंगळुरूला नोकरीला जातात. काहींच्या ऑफर लेटरमध्ये पगाराखाली ‘ईसॉप’ अशी ओळ असते. इकडे घरचे लोक अशाच कंपन्यांचे शेअर मोबाइलवरून घेत असतात. त्यामुळे हा हिशेब दोघांनाही कळायला हवा.

ईसॉप म्हणजे काय?

ठरलेल्या मुदतीनंतर, ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क. घेण्याची सक्ती नसते. कंपनी कायद्यानुसार किमान एक वर्ष थांबावे लागते.

रोख पैसे जात नाहीत, मग खर्च कसा?

पाडव्याला सालगडी ठरवताना रोख रकमेसोबत ज्वारीची पोतीही ठरत. पोती घरच्या कणगीतली, म्हणून ती फुकट ठरत नव्हती. ईसॉपचेही तसेच आहे. कंपनी नवे शेअर देते, तेव्हा जुन्या भागधारकांचा वाटा तेवढा घटतो.

हिशेब कसा मांडतात?

पूर्वी बाजारभावालाच ऑप्शन दिले, तर खर्च शून्य दाखवण्याची सोय होती. २०१६-१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ‘इंड एएस १०२’ने सूचिबद्ध आणि मोठ्या कंपन्यांसाठी ती बंद केली. आता ऑप्शन देण्याच्या दिवशीचे त्याचे वाजवी मूल्य काढावे लागते.

समजा, एकीला १,००० ऑप्शन मिळाले. प्रत्येकाचे मूल्य १२० रुपये आणि अट चार वर्षे नोकरीची. एकूण खर्च १ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार. पुढे शेअर पडला, तरी हा खर्च कमी होत नाही. तिने मुदतीआधी नोकरी सोडली, तर मात्र दाखवलेला खर्च उलटवला जातो.

मग गोंधळ कुठे?

डिसेंबर २०२२च्या तिमाहीत पेटीएमने ईसॉप खर्च, व्याज, कर आणि घसारा धरण्यापूर्वीचा ३१ कोटींचा नफा ठळकपणे सांगितला. त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा होता ३९२ कोटी. एप्रिल २०२५मध्ये संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी २ कोटी १० लाख ईसॉप सोडले. तेव्हा पुढच्या वर्षांत विभागला जाणारा ४९२ कोटींचा खर्च जानेवारी-मार्च तिमाहीतच दाखवावा लागला. ऑप्शन रद्द झाले, तर उरलेला खर्च लगेच धरायचा, असा नियमच आहे.

रोख रक्कम बाहेर जात नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा आहे. पण ईसॉप नसते, तर तीच माणसे टिकवायला रोख पगार वाढवावा लागला असता. म्हणून ‘ईसॉपपूर्व नफा’ हा अर्धाच हिशेब आहे. भागधारकाने तिमाही निकालात शेवटचा निव्वळ आकडा आणि कर्मचारी खर्चातील शेअर-आधारित मोबदल्याची ओळ पाहावी.

नोकरी घेणाऱ्यांनी काय पाहावे?

कंपनीने खर्च दाखवला, म्हणजे कर्मचाऱ्याच्या हाती तेवढे पैसे पडतीलच असे नाही. बाजारभाव ठरलेल्या किमतीखाली गेला, तर ऑप्शन वापरण्यात अर्थ उरत नाही. वर असेल, तर शेअर घेतानाच त्या फरकावर पगारासारखा कर लागतो, मग शेअर विकला नसला तरी. काही पात्र स्टार्टअपना २०२०पासून यात मुदतीची सवलत आहे. घराचा हप्ता ठरवताना म्हणूनच रोख पगारच धरावा.