बैलाचं काळीज आणि आपलं

"बैलाला कधी अटॅक आलेला ऐकलाय का?"

शर्यतीच्या मैदानावर, पारावर, पहाटे फिरायला निघालेल्या मंडळींत हा प्रश्न मी गेली काही वर्षं सतत ऐकतो आहे. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. खिल्लार उन्हातान्हात राबतो, कडबा खातो, वाऱ्यासारखा पळतो; त्याला ना बीपी, ना गोळी. तेव्हा माणसानंही जनावरासारखं राहावं आणि गोळ्यांचा नाद सोडावा, हा निष्कर्ष त्याच्याजवळ तयारच असतो. आमच्या ओळखीतल्या एका जाणत्या शेतकऱ्यानं हेच ऐकून रक्तदाबाची गोळी बंद केली. चार महिन्यांत अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली. त्यामुळे पारावरची गप्प म्हणून हा प्रश्न मला सोडून देता येत नाही.

या म्हणण्यात दोन विधानं आहेत. जनावरांना हृदयविकार होत नाही, हे पहिलं. त्यांच्यासारखं खाल्लं-प्यालं तर आपल्यालाही होणार नाही, हे दुसरं.

पहिल्याचं उत्तर सांगली-साताऱ्यातला कुठलाही पोल्ट्रीवाला देईल. थंडीच्या दिवसांत शेडच्या कोपऱ्यात एखादा ब्रॉयलर पक्षी पिसं फुलवून धापा टाकत बसतो. तुरा निळसर पडलेला असतो, पोट हाताला पाण्याच्या पिशवीसारखं लागतं. मेल्यावर उघडला तर आत पिवळसर पाणी भरलेलं. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाणारं शरीर जितका प्राणवायू मागतं तितका फुप्फुसं आणि हृदय पुरवू शकत नाहीत. फुप्फुसांत रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू ताणते, सैल पडते आणि रक्तातलं पाणी पोटात झिरपतं. 'पाणी झालं' असं आपण म्हणतो. हे हृदय निकामी होणंच आहे. गाईनं वैरणीतून तार गिळली आणि ती पोटातून हृदयाच्या आवरणात घुसली की गळ्याखाली सूज उतरते, तेही पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातलं. जनावरांचं हृदय बिघडतं. आपण त्याला वेगळी नावं देतो एवढंच.

दुसरं विधान जास्त धोक्याचं आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. पाला खाणाऱ्या त्या प्राण्याच्या धमन्यांत चरबीचे थर साठले. उलट कुत्र्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ज्याला आपण 'चांगलं' म्हणतो त्या प्रकारचं असतं, म्हणून तो मांस खाऊनही सहसा या रोगातून सुटतो. अन्न एकच असलं तरी प्रत्येक देह त्याचं वेगळं काहीतरी करतो. वाघाचं किंवा बैलाचं ताट उचलून आपल्यापुढे ठेवलं म्हणून त्यांच्या धमन्या आपल्याला मिळत नाहीत. शिवाय वीस वर्षांचा बैल म्हातारा असतो. आपल्या धमन्यांचा रोग बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर डोकं वर काढतो. कष्ट करावेत, तंबाखू सोडावी, मिठाचा हात आखडता घ्यावा, हे त्या मंडळींचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण ते गोळीच्या जोडीनं करायचं, तिच्या बदल्यात नव्हे.

मग जनावरांकडून शिकण्यासारखं काहीच नाही का? पुष्कळ आहे. शिकायची रीत मात्र वेगळी आहे.

पावसाळ्यात कोयनेच्या, चांदोलीच्या रानात गेलेल्याला जळू माहीत असते. ती पोटऱ्यांना कधी लागली ते कळत नाही. काढून टाकली तरी रक्त वाहतच राहतं, धोतर भिजतं, मीठ-तंबाखू लावून भागत नाही. प्यालेलं रक्त गोठलं तर जळू उपाशी मरेल, म्हणून तिच्या लाळेतच रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये युरोपातल्या जळवेवर काम करून ते दाखवून दिलं. पुढे त्या द्रव्याच्या रचनेवरून बायव्हॅलिरुडिन हे औषध घडलं. अँजिओप्लास्टी करताना ते शिरेतून देतात.

सापांची गोष्ट याहून मोठी आहे. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषानं भक्ष्याचा रक्तदाब कोसळतो. १९६०च्या दशकात सर्जिओ फेरेरा यांनी त्या विषातले नेमके घटक शोधले. शरीरात अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतात. ते तयार होण्याची वाटच हे घटक अडवतात. पण ते तोंडानं घेतले तर पोटात पचून जातात. म्हणून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी यांनी तेच काम करणारा छोटा, पोटात टिकणारा रेणू प्रयोगशाळेत बांधला. तो म्हणजे कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याच कुळातली पुढची औषधं. घरातलं गोळ्यांचं पाकीट काढून बघा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल, तर त्या गोळीची कथा एका सापापासून सुरू झालेली आहे.

दूरच्या ब्राझीलचं कशाला? अंग अंगावर घासून करकर आवाज करणारं फुरसं आपल्या महाराष्ट्रातलंच. त्याच्या विषातल्या एका घटकामुळे रक्ताच्या चकत्या (प्लेटलेट) एकमेकींना चिकटत नाहीत. त्या घटकाचा नमुना समोर ठेवून टिरोफिबान बनवलं गेलं. ते हृदयाच्या धमनीत गुठळी होत असताना रुग्णालयात देतात. ज्या विषानं माणूस रक्तस्राव होऊन मरतो, त्यातली युक्ती मोजून-मापून वापरली की गुठळीनं मरणारा वाचतो.

प्रत्येक धडा औषधापर्यंत पोचलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. ब्रह्मी अजगरानं मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय चाळीस टक्क्यांपर्यंत वाढल्याचं काही प्रयोगांत दिसलं आणि पचन झाल्यावर ते पूर्ववत झालं. रक्तदाबानं आपलंही हृदय जाड होतं, पण ते ताठर होऊन थकतं. हा फरक का, यावर अमेरिकेत काम चालू आहे. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा मासा हृदयाचा कापलेला तुकडा पुन्हा वाढवतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याचा अभ्यास होतो.

यातून आणखी एका समजाचं खंडन आपोआप होतं. जनावराचा गुण त्याच्या मांसातून, तेलातून आपल्या अंगात उतरतो, असं सांगून घोरपडी मारल्या जातात. जराराकाच्या विषातला खरोखर गुणकारी घटकसुद्धा माणसाच्या पोटात पचून निकामी होतो, मग बाटलीतलं तेल काय करणार? गुण हाती येतो तो समजून घेतल्यावर, आणि त्यासाठी प्राणी रानात जिवंत हवा. बत्तीस शिराळ्यात पिढ्यान् पिढ्या नागाची पूजा झाली. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका बंद झाल्या. काहींना तो श्रद्धेवर घाला वाटला. मला तो त्या श्रद्धेचाच मान वाटतो, कारण ज्याला देव मानायचं त्याला मडक्यात कोंडायचं नसतं.

आता पारावरच्या मंडळींना हात जोडून एकच विनंती. बैलाचा दाखला देऊन कुणाची गोळी सोडवू नका. ज्यांनी सोडली असेल त्यांनी उद्या सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा आणि छातीत दुखलं, डाव्या हाताला कळ गेली, दरदरून घाम आला, तर पित्त समजून घरी न थांबता तडक दवाखाना गाठावा.